कोरियाच्या अणुप्रश्नाचा इतिहासकार व्हायचंय: आधी भाषा, भौतिकशास्त्र की दफ्तर?

कृष्णाथडी
आपल्याकडे कोरियाचा अणुप्रश्न म्हटलं की लेख येतात ते ताज्या क्षेपणास्त्रचाचणीवर. संरक्षण व सामरिक शास्त्राचे विभाग ते काम करतात आणि चांगलं करतात. इतिहास विभागातून मात्र या विषयाकडे क्वचितच कोणी वळतं. धागा काढायचं कारण हे की वळायला आत्तासारखी वेळ नाही. सोलच्या परराष्ट्र मंत्रालयाचे कागद तीस वर्षांनी खुले होतात. २०२४ मध्ये १९९३ चे खुले झाले, २०२५ मध्ये १९९४ चे. उत्तर कोरियाने १२ मार्च १९९३ ला अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून (पुढे नुसतं एनपीटी) बाहेर पडण्याची घोषणा केली, तिथपासून अमेरिकेशी झालेल्या २१ ऑक्टोबर १९९४ च्या जीनिव्हा समझोत्यापर्यंतचा काळ आता निदान एका कोरियाच्या अस्सल कागदांवरून लिहिता येतो. आजवर तो बराचसा वाटाघाटींना बसलेल्या अमेरिकनांच्या आठवणींवर उभा होता.

प्रश्न असा आहे. इतिहासात एम.ए. झालेल्या, इंग्रजी चांगलं असलेल्या, कोरियन अजिबात न येणाऱ्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी? माझं मत: आधी दफ्तर. अमेरिकन परराष्ट्र खात्याने दूतावासांशी केलेल्या १९७३ ते ७९ च्या तारा घरबसल्या फुकट वाचता येतात. वर्षभर त्या वाचाव्यात, प्रश्न सापडू द्यावा, भाषा बरोबरीने शिकावी. जाणकारांनी दुरुस्त करावं.

अनुस्वार
साफ असहमत. मोडी न येता पेशवाईवर लिहिणारा माणूस दुसऱ्यांनी छापलेल्या उताऱ्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. इथेही तेच होतं, फक्त इंग्रजी इतकं मुबलक आहे की आपण अडलोय हे लक्षातच येत नाही.

भाषेचं नेमकं मोजमाप सांगते. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत. तिसरीवर बातमी वाचता येते, सरकारी कागद नाही. कागद वाचायला पाचवी-सहावी लागते, त्याला रोजच्या अभ्यासाने तीन वर्षं धरा. त्यातही एक मोठी मेख आहे. साठ-सत्तरच्या दशकातले दक्षिण कोरियाचे सरकारी कागद मिश्र लिपीत आहेत: प्रत्यय हंगुल या कोरियन लिपीमध्ये आणि नामं चिनी अक्षरांत. टोपिकला ही अक्षरं, म्हणजे हांजा, विचारत नाहीत. त्यामुळे सहावी पातळी मिळवलेला विद्यार्थीही १९७५ च्या फायलीपुढे बसला की पहिल्याच ओळीला थांबतो. कोरियन शाळांसाठी ठरवलेली १,८०० मूलभूत अक्षरं आहेत, तेवढी तरी हवीत. दिवसाला पाच म्हटली तर वर्ष जातं. शिवाय टोपिकचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख बघून मगच परीक्षेला बसावं.

आणि भाषा नुसती वाचण्यासाठी लागते असं नाही. दक्षिण 'हानबांदो' म्हणते, उत्तर 'चोसन बांदो'. दोन्हींचं इंग्रजी एकच होतं, कोरियन द्वीपकल्प. पुढे 'बिहेक्ह्वा' लागलं की अनुवादक 'डिन्यूक्लिअरायझेशन' लिहून मोकळा होतो. पण उत्तरेच्या कागदांत त्याच्या शेजारी आणखी एक शब्द वर्षानुवर्षं येतो, 'बिहेक जिदे', अण्वस्त्रमुक्त टापू. त्या टापूत अमेरिकेची अण्वस्त्रं, ती वाहून आणणारी विमानं आणि जहाजं हे सगळं येतं. २० डिसेंबर २०१८ ला प्याँगयांगच्या वृत्तसंस्थेने हा अर्थ उघड लिहिला, की द्वीपकल्पाची अण्वस्त्रमुक्ती म्हणजे आधी अमेरिकेचा अण्वस्त्रधोका दूर होणं. तेव्हा पुष्कळांना वाटलं की उत्तरेने भूमिका बदलली. जुने कोरियन कागद वाचणाऱ्याला तसं वाटलं नसतं.

थोरियम
भाषा आणि दफ्तर दोन्ही मान्य. पण या विषयात एक तिसरी गोष्ट आहे, ती टाळून चालत नाही. मोठं भौतिकशास्त्र नको, दहावीचा गुणाकार पुरतो, तो मात्र पक्का हवा.

उत्तर कोरियातल्या यंगब्यनची जी अणुभट्टी १९८६ मध्ये सुरू झाली तिला सगळे '५ मेगावॅट' म्हणतात. हे पाच मेगावॅट विजेचे. उष्णतेचे २० ते २५. प्लुटोनियमचा हिशेब उष्णतेवर होतो, विजेवर नाही. नवशिके पाचने गुणतात आणि उत्तर चार-पाच पटींनी कमी काढतात. खरा हिशेब असा: नैसर्गिक युरेनियम आणि ग्रॅफाइटच्या भट्टीत एक मेगावॅट उष्णता एक दिवस चालली की साधारण ०.९ ग्रॅम प्लुटोनियम तयार होतं. २० मेगावॅट, वर्षात ३०० दिवस, म्हणजे ६,००० मेगावॅट-दिवस, म्हणजे साधारण साडेपाच किलो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था (आयएईए) एका बॉम्बसाठी ८ किलो ही हिशेबाची रक्कम धरते. भट्टीत सुमारे ८,००० इंधनकांड्या, एकूण युरेनियम ५० टन. कांड्या जास्त काळ भट्टीत राहिल्या तर ०.९ चा आकडा घसरतो, कारण तयार झालेलं प्लुटोनियमही जळायला लागतं. त्यामुळे भट्टी किती दिवस बंद होती याची नोंद इतिहासकाराने स्वतः लावून घ्यावी. दुसऱ्याचा आयता आकडा उचलला की त्याची गृहीतकंही गळ्यात येतात.

दुसरी गोष्ट १९९२ ची. या प्रकरणाचा कणा रसायनशास्त्र आहे आणि इतिहासाची पुस्तकं ते दोन ओळींत उरकतात. ४ मे १९९२ ला उत्तर कोरियाने आपल्या आण्विक साहित्याची यादी दिली. त्यात म्हटलं होतं की १९९० मध्ये एकदाच, खराब झालेल्या कांड्यांमधून, सुमारे ९० ग्रॅम प्लुटोनियम वेगळं काढलं. निरीक्षकांनी प्रयोगशाळेतल्या बंदिस्त पेट्यांवरून आणि उपकरणांवरून कापडाच्या तुकड्यांनी पुसून नमुने घेतले. आता बघा: प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य सुमारे १४ वर्षं, आणि त्याचं रूपांतर होतं अमेरिशियम-२४१ मध्ये. इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढताना अमेरिशियम बाजूला होतं, म्हणजे घड्याळ शून्यावर येतं. त्यानंतर ते पुन्हा साठू लागतं. नमुन्यातलं दोघांचं प्रमाण मोजलं की वेगळं काढून किती दिवस झाले ते कळतं. प्रमाण एकच यायला हवं होतं. आली तीन: १९८९, १९९० आणि १९९१. यादी खोटी ठरली ती या घड्याळामुळे. त्यावरून फेब्रुवारी १९९३ मध्ये दोन संशयित टाकाऊ साठ्यांच्या विशेष तपासणीची मागणी आली, आणि त्या मागणीला उत्तर म्हणून १२ मार्च. घड्याळ न समजता १२ मार्च लिहायला घेतलं तर लेखात फक्त 'तणाव वाढला' एवढंच येतं.

शुक्रतारा
थोरियम, हे अमेरिशियमचं पहिल्यांदा कळलं. धन्यवाद!

एक बारीक शंका. बाहेर पडायची घोषणा मार्च १९९३ ला झाली, मग 'उत्तर कोरिया २००३ मध्ये बाहेर पडला' असं का म्हणतात?

कृष्णाथडी
करारातल्या दहाव्या कलमाने तीन महिन्यांची पूर्वसूचना लागते. मार्चमध्ये सूचना दिली, मुदत भरायला एक दिवस उरला असताना ११ जून १९९३ ला न्यूयॉर्कमधल्या संयुक्त निवेदनात ती 'स्थगित' केली. १० जानेवारी २००३ ला उत्तरेने म्हटलं की ८९ दिवस आधीच भरलेत, एकच उरलाय, उद्यापासून आम्ही बाहेर. इतर देशांपैकी अनेकांना हा हिशेब मान्य नाही. म्हणून सावध लेखक 'बाहेर पडल्याची घोषणा केली' असंच लिहितात.

तुर्भेनाका
सगळी चर्चा उत्तरेवर चाललीय. दक्षिण कोरियाचा स्वतःचा बॉम्बचा प्रयत्न हा इतिहासकारासाठी जास्त सुपीक विषय आहे, आणि त्याची एक मुळी थेट आपल्या तुर्भ्याला येते.

भाभा अणुसंशोधन केंद्रातली सायरस भट्टी १० जुलै १९६० ला सुरू झाली. ४० मेगावॅट, कॅनडाच्या चॉक रिव्हरमधल्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीची. जड पाणी अमेरिकेचं. १८ मे १९७४ ला पोखरणला जो स्फोट झाला त्याचं प्लुटोनियम या सायरसमधलं. त्याच वेळी सोलचं सरकार कॅनडाकडे दोन गोष्टी मागत होतं: विजेसाठी कॅंडू भट्टी आणि संशोधनासाठी याच एनआरएक्स जातीची भट्टी. शिवाय फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया कारखाना, म्हणजे वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायची सोय. एनआरएक्स आणि पुनर्प्रक्रिया ही जोडी म्हणजे तुर्भ्याचाच आराखडा. पोखरणनंतर ओटावात आणि वॉशिंग्टनमध्ये तो ओळखायला वेळ लागला नाही. कॅनडाने एनआरएक्सचा विषय सोडला, आणि कॅंडू हवी असेल तर एनपीटीला मंजुरी द्या म्हणून दबाव आणला. सोलने १९६८ मध्ये सही केली होती, मंजुरी दिली ती २३ एप्रिल १९७५ ला. फ्रेंच कारखाना जानेवारी १९७६ मध्ये रद्द झाला. कॅंडू मात्र मिळाली, वोल्संगला १९८३ पासून चालू झाली.

'पोखरणचे परिणाम' यावर आपण लिहितो ते बहुधा पाकिस्तानपर्यंत थांबतं. सोलमधला परिणाम मराठीत सविस्तर लिहिला जायला हवा.

कृष्णाथडी
तुर्भेनाका, अगदी याच प्रकरणासाठी मी 'आधी दफ्तर' म्हणालो. नवख्याने काय करायचं ते क्रमाने लिहितो.

अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर 'एएडी' नावाचा विभाग आहे. त्यात परराष्ट्र खात्याच्या १९७३ ते १९७९ च्या तारा वर्षवार आहेत. नुसतं 'कोरिया न्यूक्लिअर' टाकू नका, हजारांनी निकाल येतील आणि निम्मे वीजप्रकल्पांच्या कर्जाचे असतील. प्रत्येक तारेवर विषयखुणा असतात. दक्षिण कोरियाची 'केएस', उत्तरेची 'केएन', शस्त्रनियंत्रणाची 'पीएआरएम', तंत्रज्ञानाची 'टेक'. 'केएस' आणि 'पीएआरएम' एकत्र लावा, मग तारखांची चाळणी. सोलहून गेलेली तार सापडली की तिच्या मजकुरातले संदर्भ बघा. अ, ब, क असे मागच्या तारांचे क्रमांक वरच दिलेले असतात. ते एकेक शोधा. सोल, ओटावा, पॅरिस, वॉशिंग्टन अशी साखळी जुळते. क्रमांकाची घडण ठरलेली आहे: वर्ष, ठाणं, पाच आकडे. टिपणवहीत तो जसाच्या तसा उतरवा.

अडचणी तीन. काही तारांच्या जागी 'मजकूर उपलब्ध नाही' अशी सूचना दिसते, संगणकीय फीत बदलताना तो मजकूर गेला. पण बहुतेक तारा एकाहून अधिक ठाण्यांना जात, त्यामुळे पुढच्या तारेतल्या उत्तरावरून आशय बांधता येतो. दुसरी, अतिगोपनीय तारा या संग्रहात नाहीत. तिसरी, काहींच्या जागी फक्त काढून घेतल्याची चिठ्ठी असते. ती चिठ्ठीही जपून ठेवा, तारीख आणि ठाणं तिच्यावर असतं, पुढे मागणी करताना लागतं.

१९७३ आधीचे कागद त्याच अभिलेखागाराच्या मेरिलँडमधल्या कॉलेज पार्कच्या इमारतीत जाऊनच बघावे लागतात. तिथल्या विषयवार फायलींत अणुऊर्जेची खूण 'एई' आहे. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांचं ग्रंथालय ॲन आर्बरला, कार्टर यांचं अटलांटाला.

दफ्तरी
साखळी जुळते, पण ती चारही टोकं शेवटी अमेरिकन दूतावासांचीच. मराठ्यांच्या वकिलांची दिल्लीहून आलेली पत्रं वाचतो तेव्हा आपण विचारतो ना, की वकिलाला हे कोणी सांगितलं, त्याला पुण्याला काय पटवायचं होतं? १९७५ मधले सोलमधले अमेरिकन राजदूत स्नायडर यांच्या तारांनाही तोच प्रश्न विचारा. तेव्हाचे दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या मनात काय होतं हे त्या तारा सांगत नाहीत. पार्क यांच्या मनात काय आहे असं स्नायडर यांना परराष्ट्रमंत्री किसिंजरना पटवायचं होतं, ते सांगतात.

दुसरी बाजू कुठे सापडेल? पार्क यांच्या शस्त्रकार्यक्रमाचे कोरियन कागद फारसे बाहेर आलेले नाहीत. आहेत त्या अधिकाऱ्यांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या आठवणी, म्हणजे बखरी. बखर टाकून द्यायची नसते, पण तिच्यावरून तारीख लावायची नसते. त्या मानाने १९७८ चा सीआयएचा अहवाल उपयोगी आहे, 'प्रकल्प ८९०' हे त्या कार्यक्रमाचं नाव आणि डिसेंबर १९७६ मध्ये तो थांबवल्याची नोंद त्यात आहे. तोही परक्याचाच कागद, हे विसरायचं नाही.

उत्तरेसाठी तर प्याँगयांगमधल्या समाजवादी देशांच्या दूतावासांचे कागद हाच आधार: सोव्हिएत, पूर्व जर्मन, हंगेरियन. बरेच इंग्रजीत आले आहेत. ऑगस्ट १९६३ मधल्या सोव्हिएत राजदूताच्या नोंदीत पूर्व जर्मन राजदूत त्याला सांगतो की कोरियन लोक आमच्या विद्यापीठांतून अण्वस्त्रांची माहिती मिळेल का म्हणून विचारताहेत. इतक्या लवकर. पण याच संग्रहात फेब्रुवारी १९७६ चा एक हंगेरियन कागद आहे, त्यात कोरियन मंडळी म्हणतात की आमच्याकडे स्वतः बनवलेली अण्वस्त्रं तयार आहेत. कागद अस्सल, शिक्का अस्सल. आता करायचं काय?

थोरियम
दफ्तरी, उत्तम उदाहरण. इथेच गुणाकार कामाला येतो. १९७६ मध्ये उत्तर कोरियाकडे चालू भट्टी एकच: सोव्हिएत बनावटीची आयआरटी-२०००, १९६५ पासूनची. मूळ क्षमता २ मेगावॅट उष्णता. इंधन सोव्हिएत संघातून मोजून येणारं आणि समृद्ध. समृद्ध इंधनात युरेनियम-२३८ कमी, त्यामुळे प्लुटोनियमही कमी. वर लिहिलेला ०.९ चा आकडा इथे लावायचाच नाही. आणि उदारपणे लावला तरी २ मेगावॅट गुणिले ३०० दिवस, म्हणजे वर्षाला अर्धा किलोच्या आसपास. ग्रॅफाइटची भट्टी यायला अजून दहा वर्षं होती. म्हणजे कागद अस्सल, दावा खोटा.

दफ्तरी
आणि खोटा ठरल्यावरच तो इतिहासकाराच्या उपयोगाचा होतो. १९७६ मध्ये, पार्क यांचा फ्रेंच कारखाना रद्द झाल्यानंतर महिन्याभरातच, प्याँगयांगला मित्रदेशांसमोर असं का म्हणावंसं वाटलं? हा प्रबंधाचा प्रश्न आहे.

अनुस्वार
मान्य. पण तो दावा करणाऱ्याने मूळ कोरियनमध्ये कोणता शब्द वापरला, हे हंगेरियनवरून झालेल्या इंग्रजी अनुवादात हरवलंय. हे आपण सगळे अनुवादावर बोलतोय, एवढं लक्षात राहू दे.

आंबेमोहोर
उत्तरेची निवेदनं वाचणाऱ्यांसाठी: सगळी एका वजनाची नसतात. सर्वात वर 'सरकारचं निवेदन'. खाली 'परराष्ट्र मंत्रालयाचं निवेदन', मग 'प्रवक्त्याचं निवेदन', मग प्रवक्त्याचं 'दाम्हवा' म्हणजे वक्तव्य, मग वृत्तसंस्थेच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, आणि तळाशी वर्तमानपत्रातलं भाष्य. १२ मार्च १९९३ आणि १० जानेवारी २००३, दोन्ही सरकारची निवेदनं. १० फेब्रुवारी २००५ ला अण्वस्त्रं असल्याचं जाहीर केलं ते, आणि ३ ऑक्टोबर २००६ ला चाचणीची आगाऊ सूचना दिली तेही, परराष्ट्र मंत्रालयाचं. इंग्रजीत सगळ्यांना 'स्टेटमेंट' म्हणून टाकतात, आणि मग भाष्यातल्या धमकीलाही सरकारचा निर्णय समजलं जातं. टिपण काढताना पहिल्या रकान्यात पातळी लिहा, मग तारीख.

माणदेशी
तारखेवरून आठवलं. उत्तरेची पहिली अणुचाचणी ९ ऑक्टोबर २००६, स्थानिक वेळ सकाळी १०:३५. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये ८ तारखेची रात्र होती, ९:३५. म्हणून अमेरिकन कागदांत ८ ऑक्टोबर दिसतो आणि लोक त्याला छापण्यातली चूक समजून 'दुरुस्त' करतात. तारांवरची वेळ ग्रिनिचची असते, शेवटी 'झेड' अक्षर. सोलसाठी नऊ तास मिळवा.

नावांचाही घोळ मोठा आहे. उत्तरेत शब्दाच्या सुरुवातीचा 'न' आणि 'र' टिकतो, दक्षिणेत गळतो किंवा बदलतो. एकच ठिकाण दक्षिणेत 'यंगब्यन', उत्तरेत 'न्यंगब्यन'. रोदोंग आणि नोदोंग हे क्षेपणास्त्र एकच. री, ली, यी एकच आडनाव. शोधताना एकच रूप टाकलं की अर्धे कागद सुटतात. सुरुवातीलाच वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक नावाची सगळी रूपं मांडून ठेवावीत.

पागोटं
थोडं अवांतर, पण संबंध खरा आहे. कोरियाच्या दफ्तरात मराठी माणूस शोधायचा तर १९५३ मध्ये सापडतो. युद्धबंद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि २२ हजारांहून जास्त बंदी ज्या भारतीय दलाच्या ताब्यात होते त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा भारताला इतका विरोध की दक्षिण कोरियाच्या भूमीवरून दलाला जाऊ देईनात. शेवटी जवानांना हेलिकॉप्टरने निःशस्त्र पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या विषयाच्या फायली धुंडाळायला मराठी विद्यार्थ्याला व्हिसा लागत नाही.

कृष्णाथडी
पागोटं, फार अवांतर नाही. अणुप्रश्नाची सुरुवातही १९५३ च्याच युद्धविरामापाशी होते. त्यातल्या परिच्छेद १३ च्या 'डी' पोटकलमाने द्वीपकल्पावर नवी शस्त्रं आणायला बंदी होती. २१ जून १९५७ ला संयुक्त राष्ट्रांच्या लष्करी मुख्यालयाने, म्हणजे अमेरिकेने, ते आपल्याला बंधनकारक नाही असं जाहीर केलं, आणि १९५८ च्या सुरुवातीला दक्षिणेत अण्वस्त्रं आली. ती १९९१ पर्यंत तिथे होती. उत्तरेची कहाणी १९९३ पासून सुरू करणारे लेखक ही तेहतीस वर्षं गाळतात. अनुस्वार यांच्या 'अण्वस्त्रमुक्त टापू'चं मूळ तिथे आहे.

शुक्रतारा
मूळ प्रश्नाकडे येऊ या? पोटापाण्याचं काय? घरचे हेच पहिलं विचारणार.

अनुस्वार
मार्ग सांगते. कोरियनसाठी दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, दिल्ली विद्यापीठातही पूर्व आशिया विभाग आहे. पुण्यात विद्यापीठाचा संरक्षण व सामरिक शास्त्र विभाग आहे, पण तिथे कोरियन वेगळं शिकावं लागेल. कोरियन सरकारची जीकेएस शिष्यवृत्ती: एक वर्ष भाषा, मग पदवी. वर्षाअखेर टोपिकची तिसरी पातळी हवी, नाहीतर पुढे जाता येत नाही. पाचवी आधीच असेल तर भाषेचं वर्ष वाचतं. वयाची अट चाळिशीच्या आत. सोंगनामच्या ॲकॅडमी ऑफ कोरियन स्टडीजच्या पाठ्यवृत्त्या वेगळ्या.

नोकऱ्या: विद्यापीठात जागा कमी. पण हेच कौशल्य लागणारी ठिकाणं आहेत. व्हिएन्नात आयएईए आणि चाचणीबंदी संघटना, अमेरिकेत माँटेरेची प्रसारबंदी अभ्यासाची संस्था, दिल्लीत संरक्षण अध्ययन संस्था. शिवाय रांजणगावात एलजीसारखे कोरियन कारखाने असल्यामुळे पुण्यात दुभाष्याचं काम मिळतं. प्रबंधाच्या मधल्या वर्षांत घर चालवायला ते सन्मानाचं काम आहे, आणि भाषा गंजत नाही.

दफ्तरी
एक गोष्ट वेळापत्रकात धरा: मागणी केलेले गोपनीय कागद यायला वर्षं लागतात, म्हणून पहिल्या वर्षीच अर्ज टाका. अमेरिकेत दोन रस्ते आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज विषयावर करता येतो. दुसरा, सक्तीच्या पुनर्विलोकनाचा, नेमक्या कागदासाठी, आणि तो नाकारला तर आंतरविभागीय अपील समितीपर्यंत जाता येतं. तारीख, ठाणं आणि क्रमांक असेल तर दुसरा घ्या. कृष्णाथडी म्हणाले त्या चिठ्ठ्या इथे लागतात. अण्वस्त्रांच्या रचनेशी जोडलेली माहिती वेगळ्या कायद्याखाली येते, तिला पंचवीस वर्षांनी आपोआप खुलं होण्याचा नियम लागू नाही. त्यामुळे १९५८ च्या कागदावरही काळे पट्टे दिसतात.

आणि जे सापडेल ते त्याच दिवशी उतरवून ठेवा. समाजवादी देशांचे बरेचसे कागद वॉशिंग्टनमधल्या ज्या विल्सन सेंटरच्या संग्रहात आहेत, त्या संस्थेचं २०२५ मध्ये सरकारी आदेशाने बहुतेक काम थांबलं. संकेतस्थळ कायम राहील असं धरून प्रबंध लिहू नये.

थोरियम
उपग्रहचित्रंही. कोरोना नावाच्या अमेरिकन हेरउपग्रहांची साठच्या दशकातली चित्रं १९९५ पासून खुली आहेत. अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (यूएसजीएस) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर यंगब्यनसाठी ३९.८० उत्तर, १२५.७५ पूर्व टाका, गोपनीयता उठवलेल्या चित्रांचा पहिला संच निवडा. आधी लहान चित्र बघून ढग आहेत का ते तपासा. चित्राची चौकट नकाशावर अंदाजे आखलेली असते, त्यामुळे शेजारची चौकटही बघा, जागा बहुतेक वेळा काठावर सापडते. कुर्योंग नदीचं वळण ही खूण. स्कॅन केलेलं असेल तर फुकट, नसेल तर एका चौकटीला ३० डॉलर. एकदा स्कॅन झालं की सगळ्या जगाला फुकट मिळतं.

कृष्णाथडी
अनुस्वार, तुमचं म्हणणं पटलं, मत बदलतो. भाषा पहिल्या दिवसापासून, हांजासकट. पण दफ्तर थांबवू नये. सकाळी भाषा, संध्याकाळी दोन तारा. थोरियम यांचा गुणाकार पहिल्या महिन्यातच उरकावा.

आणि विषय आटोपशीर घ्यावा. एक सुचवतो. उत्तर कोरिया १२ डिसेंबर १९८५ ला एनपीटीत आला. तपासणीचा करार अठरा महिन्यांत व्हायला हवा होता. आयएईएने मसुदा पाठवला तो चुकीच्या जातीचा, एनपीटीबाहेरच्या देशांना लावतात तो. चूक कळल्यावर आणखी अठरा महिने मिळाले. तेही डिसेंबर १९८८ मध्ये संपले, आणि सही झाली ३० जानेवारी १९९२ ला. म्हणजे सहा वर्षं आणि दीड महिना. त्यातली पहिली तीन त्या मसुद्याने खाल्ली, उरलेली तीन कशाने? दक्षिणेतल्या अमेरिकन अण्वस्त्रांनी, सोव्हिएत संघाने कबूल केलेल्या आणि कधीच न आलेल्या वीजभट्ट्यांनी, की १९९० मध्ये मॉस्कोने सोलशी संबंध जोडले त्याने? व्हिएन्नाच्या अभिलेखागारातही तीस वर्षांचाच नियम आहे, आणि ही सगळी वर्षं त्या मुदतीच्या पलीकडे गेली आहेत.

शुक्रतारा
त्या १९९२ च्या कराराचा मजकूर कुठे मिळेल?

आंबेमोहोर
आयएईएच्या संकेतस्थळावर, माहितीपत्रक क्रमांक ४०३. दक्षिणेच्या कराराचा क्रमांक २३६. दोन्ही शेजारी ठेवून कलमवार वाच, साचा एकच आहे. मग १९९३ चं विशेष तपासणीचं भांडण नेमकं कोणत्या कलमावर झालं ते शोध आणि इथे लिही.

शुक्रतारा
दोन्ही उतरवले. ७३ आणि ७७ वर खूण केलीय, रविवारपर्यंत लिहिते.